पास्कूच्या कपाळावरचं पाणी

आमच्या घरात जेम्सभावजींचं नाव निघालं की आई उठून दाराबाहेर थुंकून यायची. आई गेल्यावर तो रिवाज माझ्या बायकोनं उचलला. पुढं मुलंही तेच शिकली, आणि त्यांच्यातल्या एकानंही त्या माणसाला कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पोटच्या पोराला देवाच्या उजेडातून हाकलायला निघालेला आणि बायकोला दुःखात टाकून पळालेला मॉर्मन, एवढीच त्याची ओळख आमच्याकडे उरली. हे बोलणं चालायचं तेव्हा मी तिथंच असायचो, जेवत असायचो, मान हलवत असायचो. माझी थोरली बहीण रेजीन, म्हणजे त्या माणसाची बायको, गेल्या हिवाळ्यात वारली. तिच्या जिवासाठी म्हणून मी जे दाबून ठेवलं होतं ते दाबायला आता निमित्त उरलेलं नाही. चौक गावी मुलाच्या घरी ओटीवर बसून हे लिहितो आहे. सून दोनदा विचारून गेली, काय लिहिता म्हणून. तिला म्हटलं, झालं की तूच आधी वाच.

आम्ही मूळचे वसईकडचे कॅथलिक. वडील गवंडी. घाटातून रेल्वे चढवायचं काम निघालं तेव्हा पुलांच्या कमानी बांधायला ते आम्हाला घेऊन कर्जतला आले, आणि कमानी उभ्या राहिल्या तशी तापानं गेले. आईला गार्ड-ड्रायव्हरांच्या खानावळीत रांधायचं काम मिळालं आणि मला, मिसरूड फुटल्यावर, इंजिनं पुसायचं. राहायला लाइनीला लागून दोन खोल्या. तिथं शांतता अशी नव्हतीच. मुंबईकडून आलेली गाडी घाट चढण्याआधी कर्जतला थांबायची, तिला ढकलायला मागून जास्तीचं इंजिन लागायचं, आणि ते लागताना असा दणका बसायचा की आमच्या फळीवरची भांडी एकमेकांवर वाजायची. पुढचं इंजिन शिटी द्यायचं, मागचं उत्तर द्यायचं, मग सगळं धापा टाकत पळसदरीकडे निघायचं. आई त्या शिट्यांच्या अंदाजानं भात उतरवायची. खानावळीत साहेबी रस्सा रांधून ती घरी यायची ती वैतागूनच, आणि मग आमच्यासाठी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण करायची, चिंच जास्त घालून. सणाला ताडी घालून आंबवलेल्या पिठाचे फुगे तळायची. आजही तो आंबूस वास कुठं आला की मला आधी आई आठवत नाही, जेम्सभावजी आठवतात.

ते मालगाडीवर गार्ड होते. जन्म पुण्याच्या लष्करातला, बाप गोरा शिपाई, आई अर्धी इकडची. उंच, पिवळसर रंगाचे, बोलणं अगदी हळू आणि मराठी इतकी स्वच्छ की आमच्या आळीतली ठकूबाय पहिल्यांदा ऐकून तोंडाला पदर लावून हसली होती. ठकूबाय पोशीरची, कर्जतला दिलेली, आळीतली सगळी बाळंतपणं तिच्या हातची. “आगं बाय, ह्यो गोरा भटावाणी बोलतो गं!” असं ती त्यांच्या तोंडावरच म्हणाली. भावजी दारूला, ताडीला, चहाला, तंबाखूला शिवायचे नाहीत. फुगे मात्र आवडीनं खायचे. आई म्हणायची, “पिठात चालते नि तांब्यात नाय चालत, ह्ये कसलं रं तुजं सोवळं?” ते म्हणायचे, “तळल्यावर तिचा जीव जातो, मावशी.” आई हसायची. ते दिवस खरंच तसे होते, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं आईनं ते कधी झालेच नाहीत असं ठरवून टाकलं.

त्यांचा धर्म आम्हाला कळला तो असाच जेवताना, तुकड्यातुकड्यांनी. ते लहान असताना पुण्यात अमेरिकेहून काही उपदेशक आले होते. मूठभर शिपायांना आणि कारकुनांना त्यांनी आपल्या मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथात घेतलं आणि ते परत गेले. मागं राहिलेले पांगले, मेले, कुणी आपल्या जुन्या देवळात परतले. भावजींचा बाप मात्र मरेपर्यंत चिकटून राहिला. मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर त्यानं त्याला नदीत नेऊन पुरता बुडवून बाप्तिस्मा दिला, आणि पायाचा अंगठा पाण्याच्या वर राहिला म्हणून पुन्हा एकदा बुडवला. हे ऐकून आईनं हातातला घास ताटात परत ठेवला. “आमचा पाद्री ओंजळभर पाण्यात भागवतो नि तुमाला आख्खी नदी पायजे!” आमच्या मिस्सेत, म्हणजे रविवारच्या उपासनेत, प्याल्यातला द्राक्षारस एकटे पाद्री प्यायचे. भावजी रविवारी पितळी पेल्यात साधं पाणी घ्यायचे, भाकरी मोडायचे, आणि शेजारी जो असेल त्याच्यापुढं धरायचे. आमचे पाद्री बायको करत नाहीत. त्यांच्यात मात्र कुणीही नांदता-खाता माणूस पाद्री होऊ शकतो, बापानं डोक्यावर हात ठेवून त्यांना केलंही होतं. आमच्या कोपऱ्यात मरियेच्या चित्रापुढं दिवा असायचा. त्या चित्राकडे ते पाहायचे ते आदरानं, पण हात जोडायचे नाहीत. आई वडिलांच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगायची, ते शुद्धीच्या आगीतून लवकर सुटावेत म्हणून. भावजी सांगायचे की अमेरिकेत खाऱ्या तळ्याकाठच्या त्यांच्या शहरात मेलेल्यांच्या नावानं जिवंत माणसं पाण्यात उतरतात, म्हणजे ज्यांना जन्मात बाप्तिस्मा मिळाला नाही त्यांनाही तो मिळतो. आपल्या आजीसाठी एकदा तिथं जायचं त्यांच्या मनात होतं.

मॉर्मन माणूस चार-चार बायका करतो, ही गोष्टही कुणीतरी खानावळीतून आणलीच. ठकूबायनं ती निकालात काढली. “आमच्या पाटलाच्या दोन हायत, नि दोघीतली येक त्याला येळंवर जेवाय घालीत नाय. ह्यो चार करंल तर उपाशी मरंल.” भावजी म्हणाले, “मला एकच हवी आहे,” आणि रेजीनकडे न बघता ताटाकडे बघत राहिले. रेजीन उठून चुलीपाशी गेली. आईचं हसणं तिथंच थांबलं.

लग्न झालं, पण सोपं नाही झालं. आमचे पाद्री परदेशी होते, मराठी शिकलेले, आणि महिन्यातून एखाद्या रविवारी गाडीनं येऊन मालधक्क्याच्या कोठारात मिस्सा करायचे. त्यांनी भावजींना बाजूला घेऊन अट घातली की होणारी मुलं कॅथलिक होतील. भावजींनी तसा शब्द दिला. मी पाहत होतो. शब्द देताना त्यांचा चेहरा सरळ होता, पण बाहेर आल्यावर ते बराच वेळ पाण्याच्या टाकीखाली एकटेच उभे राहिले.

मुलगा झाला तो भात कापणीला आलं तेव्हा. लहानगा, हाडकुळा, पण आवाज मोठा. जन्मल्या दिवसापासून घरात दोन माणसं एकमेकांची वाट अडवून चालायला लागली. आईला पाद्रींना लगेच बोलावणं पाठवायचं होतं. भावजी म्हणत होते, थांबा. एका रविवारी सकाळी त्यांनी बाळाला दोन्ही हातांवर घेतलं, आशीर्वाद म्हटला आणि नाव ठेवलं. पाणी नाही, तेल नाही, मेणबत्ती नाही. आई पाठ फिरवून बोंबील निवडत बसली होती. नाव मात्र त्यांनी आमच्या वडिलांचं ठेवलं, पास्कल. आईचे हात थांबले. “नाव तरी आमचं ठेवलंन,” ती ठकूबायला म्हणाली, आणि पुन्हा निवडायला लागली.

त्यानंतर एक दिवस भावजी मला शेडमध्ये भेटायला आले. मी इंजिनाच्या दांड्यावर तेलाचं फडकं मारत होतो. या माणसानं मला अक्षर शिकवलं होतं, हे इथं सांगायला हवं. आज हे लिहितो आहे ते त्यांच्यामुळे. ते म्हणाले, “इनास, मी घाटावर असताना कुणी त्याच्यावर पाणी घालणार नाही, एवढं तू पाहायचं.”

मी म्हटलं, “तुम्ही पाद्रींना शब्द दिलाय ना?”

“दिला. मला तेव्हा रेजीन हवी होती. चूक माझी आहे, त्याची शिक्षा मला होऊ दे. पण हे मूल कसलं पाप घेऊन आलंय? त्याच्यावर पाणी घालणं म्हणजे त्याला जन्मतःच घाण म्हणणं. आठ वर्षांचा होऊ दे, त्याला कळू दे. मग तो तुमच्या पाद्रींकडे जातो म्हणाला तर मी स्वतः त्याचा हात धरून नेईन.”

“आणि त्याआधी काही झालं तर?”

“तर तो जसा आला तसाच देवाकडे जाईल. त्याच्याइतकं स्वच्छ कुणी नाही.” मग त्यांनी हात पुढं केला. “शब्द दे.” माझा हात तेलकट होता. तसाच मी त्यांच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात आईनं मला घरात गाठलं. रेजीनला बाळंतपणानंतरचा ताप होता, बाळाला दूध टिकत नव्हतं, आणि पाद्री यायला अवकाश होता. आमच्या धर्मात बाप्तिस्म्याशिवाय मेलेलं मूल स्वर्गात जात नाही. लिंबो नावाच्या जागी राहतं. तिथं आग नाही, यातना नाही, पण देवाचं तोंडही दिसत नाही, कधीच. त्याला आशीर्वादलेल्या जमिनीत पुरत नाहीत, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर पुरतात. म्हणून जिवावरची वेळ आली तर कुणीही पाणी घालू शकतं, बाई, पुरुष, परधर्माचासुद्धा. फक्त शब्द बरोबर हवेत आणि ते म्हणताना पाणी अंगावरून वाहायला हवं. ठकूबाय म्हणाली, “मी घालीन की. पर मला त्ये शबूद याचं नाय.” आईनं परातीत एक सोललेला नारळ ठेवला, माझ्या हातात लोटा दिला, आणि त्या नारळावर पाणी ओतत माझ्याकडून शब्द घोकून घेतले. मी तुला बाप्तिस्मा देतो, देवबापाच्या, देवपुत्राच्या नि इस्पिरीत सांताच्या, म्हणजे पवित्र आत्म्याच्या, नावानं. धार मध्येच तुटली की ती माझ्या मनगटावर चापट मारायची. “तुटली तर नाय चालत. पुन्ना.” ठकूबाय नारळाकडे बघून म्हणाली, “आता ह्यो खोबऱ्याचा किरिस्ताव झाला, चटणी कशी करू ह्याची?” आई हसली नाही. “ह्या घरात बाप्या तू हायस,” ती मला म्हणाली. “मी जवळ नसलं तर तू घालायचं. बोल हो.” मी हो म्हटलं.

असे माझे दोन शब्द दोन माणसांकडे होते, आणि दोघांनाही एकमेकांचं माहीत नव्हतं. मला वाटत होतं, पोर बरं होईल आणि कुणाला काही कळायचंच नाही. सतरा-अठराव्या वर्षी माणूस असाच हिशेब करतो.

त्या दिवशी सकाळी भावजी गाडी घेऊन लोणावळ्याकडे गेले होते. बाहेर ऊन चांगलं चढलं होतं. लाइनीपलीकडच्या खळ्यात भात झोडायचं चाललं होतं, पेंढी फळीवर आपटल्याचा आवाज एका लयीत येत होता. रेजीन आतल्या खोलीत तापाच्या गुंगीत पडली होती. बाळानं सकाळपासून दूध घेतलं नव्हतं, रडणंही बंद केलं होतं. आईनं त्याच्या टाळूवर हात ठेवला, माझ्या मांडीवर त्याला दिलं, लोटा भरून माझ्याजवळ ठेवला आणि ठकूबायला आणायला धावली. दारातून वळून म्हणाली, “ध्यान ठेव.”

तो श्वास घेत होता. मध्ये थांबत होता, मग पुन्हा घेत होता. प्रत्येक वेळी थांबला की माझा हात लोट्याकडे जायचा, आणि श्वास आला की परत यायचा. मला भावजींचं बोलणं ऐकू येत होतं, त्याला घाण म्हणणं, आणि आईचंही ऐकू येत होतं, धार तुटता कामा नये. मी अजून एक श्वास, अजून एक श्वास असं करत राहिलो. मग एकदा तो फारच थांबला. मी लोटा उचलला, त्याच्या कपाळावर धरला आणि म्हणालो, “पास्कल, मी तुला.” एवढंच. पुढचा शब्द येईना, कारण त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं आणि पोट हलत नव्हतं. पाणी लोट्याच्या काठापर्यंत आलं होतं, सांडलं नाही. मी लोटा खाली ठेवला.

तेव्हाही घालता आलं असतं. अंग ऊन होतं. पाद्रीच शिकवतात की श्वास गेल्यासारखा वाटला तरी घालावं, जीव केव्हा सुटतो ते माणसाला कळत नाही. मला हे ठाऊक होतं. मी घातलं नाही. भावजींच्या शब्दासाठी नाही, आईच्या शब्दाला विसरून नाही. मी फक्त घाबरून बसून राहिलो, त्याला मांडीवर घेऊन.

आई आली, मागून ठकूबाय. ठकूबायनं एक नजर टाकली आणि दाराला टेकली. आईनं बाळाकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

“घातलंस?”

“घातलं.”

ती होती तिथंच जमिनीवर बसली, आणि दोन्ही हात वर करून देवाचे उपकार मानायला लागली. तिच्या रडण्यानं रेजीन जागी झाली. आतून आवाज आला, “आये, काय झालं? पाणी घातलं का गं?” आई म्हणाली, “घातलं गं बाय, इनासनं घातलं. तुजा पास्कू उजेडात गेला.” मला अजून बोलता आलं असतं. रेजीन भिंतीला धरून बाहेर आली, बाळाला माझ्याकडून घेतलं, आणि माझं डोकं ओढून आपल्या खांद्याला लावलं. त्यानंतर बोलणं शक्य नव्हतं.

स्टेशनमास्तरनं तार केली. दुपारच्या गाडीनं पाद्री आले आणि मला पडवीत उभं करून विचारायला लागले. पाणी स्वच्छ होतं का? होतं. केसांवर पडलं की कपाळावर? कपाळावर. शब्द म्हणत असतानाच वाहत होतं? वाहत होतं. शब्द म्हणून दाखव. मी म्हणून दाखवले, एकही चुकला नाही. आईनं नारळावर घोकून घेतलेले होते. पाद्रींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. “तू एक आत्मा देवाला दिलास,” म्हणाले. त्यानंतर मी कित्येकदा पापनिवेदनाला बसलो, जाळीपलीकडे वेगवेगळे पाद्री आले नि गेले, मी चोरून ताडी प्यालेली सांगितली, बायकोवर हात उगारलेला सांगितला, हे कधी सांगितलं नाही. आणि ते न सांगता प्रत्येक सणाला देवाचा प्रसाद जिभेवर घेत आलो. पाप लपवून प्रसाद घेणं हे आमच्या धर्मात त्याहून मोठं पाप, हे माझ्या मुलांना ठाऊक आहे.

संध्याकाळच्या आधी भावजी परतले. झेंडे गुंडाळून बगलेत होते. फळ्यांची लहानशी पेटी नुकतीच उचलली होती, मी पुढं होतो. पाद्री त्यांना म्हणाले, “धीर धरा. तुमच्या मुलाचा बाप्तिस्मा झालेला आहे.” भावजींनी पाद्रींकडे पाहिलं नाही. पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी हळू म्हणाले, “तू शब्द दिला होतास.”

आईनं ते ऐकलं. “कसला शब्द? इनास, कसला शब्द रं?”

भावजीच म्हणाले, “मी याला सांगितलं होतं, माझ्यामागे कुणी पाणी घालू नये म्हणून.”

आई पेटी ओलांडूनच त्यांच्या अंगावर गेली असती, ठकूबायनं धरली. “मेलेल्यांना पानी चालतं तुमच्यात! कुनाच्या कुठल्या आजीला पानी पायजे, त्याच्यासाठी दर्या वलांडून जाशील, नि माज्या जित्या नातवाला ओंजळभर नको?”

“त्यांना गरज होती, मावशी. त्याला नव्हती.”

ठकूबाय आईला धरूनच म्हणाली, “आगं, आमच्यात बी तान्ह्याला जाळीत नाय, नुसतं पुरतात. त्याला पाप कुठनं लागलं? ह्ये गोरं काय खोटं बोलत नाय.” पण तिचं त्या वेळी कोण ऐकतो. रेजीन दारात येऊन उभी होती. ती ओरडली नाही. तिनं विचारलं, “माझ्या पाठीमागं ठरवलंत?”

“रेजीन, ऐक.”

“इनासनं तुमचं ऐकलं असतं तर माझं लेकरू आता कुंपणाबाहेर गेलं असतं. काळोखात. आणि तुम्ही घरी येऊन जेवला असता.” मग ती आत गेली, आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला. पोराला पुरायला भावजी कुंपणापर्यंत आले आणि बाहेरच उभे राहिले. आळीत पुढं हेही सांगितलं जायचं, की बाप आत आला नाही. आईनंच त्यांना फाटकात अडवलं होतं, हे कुणी सांगत नव्हतं.

ते गार्डांच्या खोलीवर राहायला गेले. ड्यूटीवरून आले की आमच्या दाराशी यायचे, हाक मारायचे, थांबायचे, जायचे. दार उघडलं नाही. शेवटी त्यांनी नोकरी सोडली. मुंबईहून जहाज पकडून आपल्या लोकांच्या शहराकडे जायचं ठरवलं. आई म्हणाली, “बघ, पळाला.”

जायच्या दिवशी मी फलाटावर गेलो. दुपार होती, मुंबईची गाडी उभी होती, इंजिन पाणी भरत होतं. त्यांची पेटी डब्यात चढवलेली होती. ते माझ्याशी नीट बोलले, तेच मला सोसलं नाही. मी म्हणालो, “भावजी, मी पाणी घातलं नव्हतं.”

ते समजले नाहीत. मी पुन्हा म्हणालो, “घातलं म्हणून सांगितलं. घातलं नव्हतं. त्याच्यावर थेंब पडला नाही.”

ते बाकावर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी किंवा नंतर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. सुटलेला माणूस तसा दिसत असेल. मग ते उठले, डब्यातली पेटी खाली ओढली, आणि आमच्या खोल्यांकडे निघाले. मी मागून पळत होतो. “सांगू नका. पास्कूची पेटी उकरून कुंपणाबाहेर काढतील. आई मरेल. रेजीन मरेल.” ते थांबले नाहीत. “ती माझी बायको आहे,” एवढंच म्हणाले. “तिला मी पुन्हा काहीही लपवून फसवणार नाही.”

दार नुसतं लोटलेलं होतं. ते उघडायला त्यांनी हात ठेवला आणि आतलं बोलणं ऐकू आलं. ठकूबाय रेजीनच्या डोक्याला तेल घालत होती. रेजीन म्हणत होती, “आता झोप लागते गं. आधी डोळे मिटले की तो काळोखात रडताना ऐकू यायचा. आता रडत नाय. इनासनं घातलं म्हणून.” ठकूबाय म्हणाली, “मग झोप की, माजे बाय. जागून काय व्हतंय.”

भावजींचा हात दारावरच होता. मी त्या हाताकडे बघत होतो. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही; तेवढ्यात फलाटावर शिटी झाली आणि ती गाडी निघून गेली. मग त्यांनी हात काढला, इतका सावकाश की दार हललं नाही.

परत येताना ते एकदाच बोलले. “तिला झोप लागते म्हणाली.”

“हो.”

“मग राहू दे.”

त्या दारात त्यांनी काय सोडून दिलं, हे मी चाळीसेक वर्षं रोज पाहिलं आहे. ते एक वाक्य बोलले असते तर त्यांच्यावरचा डाग गेला असता. ते बोलले नाहीत, आणि आम्ही तो डाग घासून घासून मोठा केला. रेजीननं दुसरं लग्न केलं नाही, नवरा जिवंत असताना आमच्यात करता येत नव्हतं. ती म्हातारी झाली, आणि दर वर्षी भात कापणीच्या दिवसांत कुंपणाच्या आत फुलं ठेवून आली. झोप तिला शेवटपर्यंत शांत लागायची.

पुढची गाडी येईपर्यंत आम्ही त्याच बाकावर बसलो. गाडी दिसायला लागली तेव्हा त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. “तू माझा शब्द पाळलास, इनास. सगळं घर एका बाजूला असताना पाळलास.” मग माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “लोट्याला हातही लावला नाहीस ना?”

मला भरल्या लोट्याचं ते वजन अजून मनगटात जाणवत होतं. मी म्हणालो, “नाही.”

त्यांनी मान डोलावली, पेटी उचलली आणि डब्यात चढले. गाडी सुटली तेव्हा ते खिडकीतून माझ्याकडे बघून हसत होते, पोर गेल्यापासून पहिल्यांदा.